पुलाची दोन टोके

वर्धा ते बल्लारशा या लोहमार्गावर हिंगणघाट मागे पडले की काळ्या मातीचा सपाट पट्टा लागतो. त्या पट्ट्यातल्या आमच्या गावाची वस्ती रुळांच्या पूर्वेला आहे. निम्म्याहून अधिक शेती, हायस्कूल आणि एसटी थांबते तो फाटा पश्चिमेला. गावातल्या बहुतेक घरांतून दिवसाकाठी कोणीतरी रूळ ओलांडून जाते आणि अंधार पडण्याच्या सुमारास परत येते. ग्रामपंचायतीची सदस्य या नात्याने, येथे पादचारी पूल व्हावा यासाठीचा पत्रव्यवहार माझ्याकडे आला आणि अर्जाच्या पहिल्या मसुद्यापासून माणसे पुलावरून चालू लागेपर्यंतचे बहुतेक टप्पे मला जवळून पाहता आले. अशा पुलाची बातमी होते ती भूमिपूजनाच्या आणि लोकार्पणाच्या दिवशी. मधल्या काळात काय काय लागते, काम कोणत्या कागदावर अडते आणि पूल उभा राहिल्यावरही लोक खालूनच का जातात, हे ज्याच्या गावात पूल झाला त्यालाच ठाऊक असते. म्हणून हे लिहिते आहे.

आमच्याकडे पूर्वी फाटक होते आणि फाटकावर गेटमन होता. देशभरात ब्रॉडगेज मार्गावरील गेटमन नसलेली फाटके जानेवारी २०१९ पर्यंत संपविण्यात आली आणि गेटमन असलेली फाटकेही उड्डाणपूल किंवा भुयारी मार्ग देऊन बंद करण्याकडे कल राहिला. हे धोरण चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. फाटकात अडकून पडलेली बंडी, म्हणजे बैलगाडी, आणि ती ओढणाऱ्या माणसांची धांदल मी पाहिलेली आहे. आमचे फाटक गेले आणि त्याच्या बदल्यात उत्तरेला सुमारे एक किलोमीटरवर कमी उंचीचा भुयारी मार्ग मिळाला, ज्याला गावात बोगदा म्हणतात. बंडी, ट्रॅक्टर आणि मोटारसायकल यांची सोय झाली. पायी जाणाऱ्याला मात्र समोर दिसणाऱ्या शेतात पोहोचण्यासाठी एक किलोमीटर वर जाऊन तितकेच परत यावे लागे, आणि पावसाळ्यात बोगद्यात पाणी साचले की तोही मार्ग बंद होई. म्हणून पायी चालणारा माणूस फाटक होते तेथूनच जात राहिला.

फाटकासोबत आणखी एक गोष्ट गेली, जिच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. फाटकाच्या अलीकडे दोन्ही दिशांना सहाशे मीटरवर ‘सी/फा’ अशी अक्षरे असलेली पाटी असते. फाटक जवळ आले, शिटी वाजवा, असा तो इंजिन चालविणाऱ्याला इशारा असतो. फाटक कागदावरून नाहीसे झाल्यावर पाटीलाही कारण उरले नाही, आणि गाड्या आमच्या पांदणीवरून, म्हणजे शेतात जाणाऱ्या गाडीरस्त्यावरून, शिटी न वाजवता जाऊ लागल्या. रुळांची रोजची तपासणी करीत जाणारे एक कीमन काकाजी मला म्हणाले होते, “ताई, आताच्या गाडीचा आवाज कानावर येते तवा ती आलेलीच असते.”

त्यांचे हे म्हणणे हिशेबाने तपासून पाहता येते, आणि पुढे अर्जात मी तो हिशेबच मांडला. दिल्ली-चेन्नई मार्गाच्या या भागात गाड्यांचा वेग ताशी १३० किलोमीटरपर्यंत नेण्यात आला आहे. सप्टेंबर २०२४ पासून नागपूर-सिकंदराबाद वंदे भारतही येथूनच धावते. ताशी १३० म्हणजे सेकंदाला छत्तीस मीटर. एक किलोमीटर दूर असलेली गाडी अठ्ठावीस सेकंदांत समोर येते. तीन मार्ग धरले तर पहिल्या रुळापासून शेवटच्या रुळापर्यंत बारा-तेरा मीटर आणि दोन्हीकडचा खडीचा उतार मिळून वीस मीटरच्या आसपास अंतर होते. डोक्यावर भारा घेतलेली बाई खडीवरून सेकंदाला एक मीटर चालली तरी पुष्कळ. म्हणजे तिला वीस सेकंद लागणार. उरलेल्या आठ सेकंदांत तिने गाडी पाहायची, ती कोणत्या रुळावर आहे हे ओळखायचे आणि जायचे की थांबायचे हे ठरवायचे. एका रुळावरून जाणारी मालगाडी दुसऱ्या रुळावरची गाडी झाकून टाकते, तेव्हा हा हिशेबही कोलमडतो. वेगात असलेली गाडी ब्रेक लावल्यावर थांबायला किलोमीटरभर अंतर घेते, हे गावातल्या कित्येकांना पटत नव्हते. एसटीसारखीच गाडीही थांबेल, अशी समजूत अजून आहे.

याहून मला अधिक भीती वाटे ती उभ्या मालगाडीची. चंद्रपूर-वणी भागातून कोळसा घेऊन निघालेली अठ्ठावन्न डब्यांची गाडी सहाशे मीटरहून लांब असते. सिग्नल न मिळाल्याने ती पांदणीवर आडवी उभी राहिली की शाळेची वेळ झालेली मुले दप्तर पुढे सारून डब्याखालून पलीकडे जात. गाडी केव्हा हलेल याची सूचना खाली असलेल्या मुलाला मिळत नाही.

पहिल्या अर्जाला उत्तर आले, आणि त्यात दोन मुद्दे होते. पहिला असा, की या ठिकाणी पर्यायी भुयारी मार्ग दिलेला आहे. दुसरा असा, की हे ठिकाण स्थानकाच्या हद्दीत नाही. दुसऱ्या मुद्द्याचा अर्थ समजायला वेळ लागला. स्थानकातला पादचारी पूल प्रवाशांसाठी असतो आणि त्याचा खर्च रेल्वे करते. मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली, त्यानंतर असे पूल ‘सुविधा’ या सदरातून ‘सुरक्षा’ या सदरात आले. पण तेही स्थानकापुरते. दोन स्थानकांच्या मध्ये, गावाच्या पांदणीवर पूल हवा असेल तर रेल्वे अधिनियम १९८९ मधील कलम १६ आणि १७ पाहावी लागतात. लोहमार्ग टाकताना लगतच्या जमीनधारकांसाठी रेल्वेने करून द्यावयाच्या ओलांडणीच्या सोयी पहिल्या कलमात आहेत. त्यापुढे जाऊन राज्य सरकारला किंवा स्थानिक प्राधिकरणाला आणखी काही हवे असेल तर ते रेल्वे करून देते, पण मागणाऱ्याच्या खर्चाने, असे दुसरे कलम सांगते. रेल्वेच्या बोलीत याला डिपॉझिट वर्क म्हणतात. पैसे आधी भरायचे, काम रेल्वे करणार.

याच अधिनियमाच्या कलम १४७ प्रमाणे रुळांवर विनापरवाना जाणे हा गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. रूळ ओलांडताना गेलेल्या माणसाच्या घरच्यांना रेल्वेची भरपाईही मिळत नाही, कारण ती तरतूद प्रवाशांसाठी आहे. म्हणजे आमच्या अर्जाची पंचाईत अशी होती की लोक या ठिकाणी रोज रूळ ओलांडतात असे लिहिले की आम्हीच गावाच्या वतीने गुन्हा कबूल केल्यासारखे होई. आणि तसे लिहिले नाही तर पुलाची गरज कशावरून, असा प्रश्न येई.

ही अडचण सुटली ती गाव नकाशामुळे. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून आम्ही गावाच्या जुन्या नकाशाची प्रमाणित प्रत घेतली. त्या नकाशात गाडीरस्ता तुटक दुहेरी रेषेने आणि पायवाट तुटक एकेरी रेषेने दाखविलेली असते. आमची पांदण दुहेरी तुटक रेषेने वस्तीपासून निघून लोहमार्गापर्यंत येते आणि पलीकडे त्याच रेषेत पुढे जाते. ही रेषा हाती आल्यावर अर्जाची भाषाच बदलली. लोक रुळांवर घुसतात असे लिहिण्याऐवजी, महसुली नकाशातला रस्ता लोहमार्गाने छेदला असून फाटक बंद झाल्यापासून पायी चालणाऱ्यांसाठी तो तुटलेला आहे, असे लिहिता आले. माझ्या मते संपूर्ण प्रकरणात याहून मोलाचा कागद दुसरा नव्हता.

त्याला जोड म्हणून ग्रामसभेचा ठराव घेतला. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचे शुल्क भरून, या टप्प्यातल्या अकस्मात मृत्यूंच्या म्हणजे आमच्याकडे ज्याला मर्ग म्हणतात त्या नोंदी मागविल्या. आलेला आकडा मी येथे देत नाही, कारण त्या यादीतल्या प्रत्येकाचे घर अजून गावात आहे. हायस्कूलच्या बाईंनी मोजणीची कल्पना काढली आणि मुलांना घराच्या ओट्यावरून, रुळांपासून दूर राहून, सकाळ-संध्याकाळ जाणाऱ्या-येणाऱ्यांची नोंद करायला लावली. मोजणी मुद्दाम तीन हंगामांत केली: निंदणाच्या दिवसांत, सोयाबीनच्या सोंगणीत आणि कापूस वेचणीच्या ऐन भरात. एरवीपेक्षा वेचणीच्या दिवसांत ओलांडणाऱ्या बायांची संख्या कितीतरी वाढते, शिवाय त्या संध्याकाळी परततात तेव्हा दिवस लहान झालेला असतो. हे एकाच आठवड्याच्या मोजणीत कधीच दिसले नसते. बोगद्यातल्या पाण्याची छायाचित्रे तारखेसह जोडली.

संयुक्त पाहणी श्रावणात झाली, ही आमच्या पथ्यावर पडलेली बाब. पाहणीला आलेल्या अभियंत्यांची गाडी बोगद्याच्या अलीकडेच थांबली, कारण आत मांडीभर पाणी होते. पर्यायी मार्ग उपलब्ध असल्याचा मुद्दा त्यानंतरच्या कागदांत आला नाही. त्याच पाहणीत दुसरा वाद सुरू झाला. अभियंत्यांचे म्हणणे असे की पूल जुन्या फाटकापासून दक्षिणेला, सुमारे चारशे मीटरवर घ्यावा. तेथे रेल्वेची जागा रुंद आहे, सिग्नलच्या केबल मार्गात येत नाहीत आणि क्रेन उभी करायला जमीन टणक आहे. तांत्रिक दृष्टीने त्यांचे सगळे मुद्दे बरोबर होते. आमच्या बाजूने मुद्दा एकच होता: चारशे मीटर जाऊन, पन्नास पायऱ्या चढून-उतरून पुन्हा चारशे मीटर मागे कोणी येणार नाही. पाहणीच्या वेळी गवताचा भारा घेऊन निघालेल्या एका आजीला साहेबांनीच विचारले, तेव्हा तिने उत्तर दिले, “येवढ्या उंच कोन चढन बाप्पा? अन् चढन तं मंग घराच्या दिशेनं चढन, रानाच्या दिशेनं काऊन चढन?” साहेब हसले, पण त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतले. पुढे पांदणीच्या रेषेतच पूल घेण्याला तत्त्वतः मान्यता मिळाली, मात्र एका अटीवर. दोन्ही बाजूंना पांदण मोकळी असली पाहिजे.

येथून पुढचा सर्वांत कठीण भाग रेल्वेशी संबंधित नव्हताच. पूर्वेकडची पांदण ठीक होती. पश्चिमेकडे मात्र फाटक बंद झाल्यापासून बंड्यांची ये-जा थांबली होती, आणि दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी वखरता वखरता धुरा, म्हणजे शेताचा बांध, पुढे सरकवून पांदण इतकी अरुंद केली होती की दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला तुरीत उतरावे लागे. नियमाने गाडीरस्त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट असते. जिन्याचा पाया आणि त्याच्या पुढची मोकळी जागा मिळून तेवढी रुंदी हवीच होती. ज्यांच्याकडून जागा सोडवायची होती त्यांतले एक जण माझ्या सासऱ्यांचे जिवलग आणि दुसरे ग्रामपंचायतीतल्या सहकाऱ्याचे चुलते. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे होते असेही नाही. वापर नसलेल्या पांदणीत काटेरी झुडपे माजून रानडुकरांना आसरा होतो, त्यापेक्षा पीक घेतलेले काय वाईट, असे ते विचारीत.

तहसीलदारांकडे जाण्याचा मार्ग होता. वहिवाटीच्या रस्त्यावरचा अडथळा दूर करण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली अर्ज करता येतो. काही तरुण मंडळी तसा अर्ज तयार करून घेऊनही आली होती. मी आणि सरपंचांनी तो थांबवून धरला, कारण एकदा प्रकरण उभे राहिले की फेरतपासणी, स्थगिती यांत वर्षे जातात आणि तोपर्यंत पुलाची मंजुरी शिळी होते. त्याऐवजी सरकारी मोजणी मागविली, मोजणीच्या खुणा सर्वांसमोर रोवल्या आणि ओळीने बैठका घेतल्या. तोडगा असा निघाला की उभे पीक निघेपर्यंत कोणी हात लावणार नाही, त्यानंतर खुणेप्रमाणे धुरा मागे घेतला जाईल, आणि पांदणीच्या दोन्ही कडांना ग्रामपंचायत नाली काढून देईल, म्हणजे पावसाचे पाणी शेतात शिरणार नाही. नालीची अट धुरा मागे घेणाऱ्यांपैकीच एका काकाजींनी घातली होती. आज मला वाटते, पूर्ण आराखड्यात तेवढी एक गोष्ट ना अभियंत्यांना सुचली होती, ना आम्हाला.

यानंतर नकाशा. पुलाचा सर्वसाधारण आराखडा, ज्याला सगळे जीएडी म्हणतात, तो तयार झाल्यावर स्थापत्य, विद्युत, सिग्नल आणि परिचालन अशा वेगवेगळ्या शाखांच्या सह्या लागतात. प्रत्येक शाखेचे कारण वेगळे असते. विद्युत शाखेला तारेपासूनचे अंतर पाहायचे असते, सिग्नल शाखेला जमिनीखालच्या केबल, परिचालनाला गाड्या किती वेळ थांबवाव्या लागतील ते. रुळाच्या माथ्यापासून पुलाच्या तळापर्यंत सुमारे साडेसहा मीटर मोकळी उंची ठेवावी लागते, कारण खाली २५,००० व्होल्टची तार असते. त्यावर गर्डरची, म्हणजे पुलाच्या लोखंडी तुळईची, जाडी धरली तर चालण्याची पातळी सात मीटरच्या वर जाते. पंधरा सेंटिमीटरची एक पायरी धरून पन्नासच्या आसपास पायऱ्या झाल्या.

उताराचा रस्ता, म्हणजे रॅम्प, आम्ही मागितला होता. त्याचा चढ बारास एक ठेवायचा तर सात मीटर उंचीसाठी चौऱ्याऐंशी मीटर लांबी आणि मधली विसाव्याची सपाट जागा वेगळी, तीही दोन्ही बाजूंना. पश्चिमेकडे तेवढी जागा रेल्वेचीही नव्हती आणि पांदणीचीही नव्हती. खर्चही बराच वाढत होता. शेवटी आठ-दहा पायऱ्यांनंतर विसाव्याचा टप्पा, दोन उंचीचे कठडे आणि सायकल ढकलत नेण्यासाठी पायऱ्यांच्या कडेला पन्हाळी, यावर तडजोड झाली. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसासाठी हा पूल निरुपयोगी आहे, ही वस्तुस्थिती मी तेव्हाही इतिवृत्तात नोंदवून घेतली होती.

एक मुद्दा मात्र आमच्या बाजूने गेला आणि तो शेतीचा होता. आमच्याकडे हरभऱ्याला तुषार सिंचनाचे पाइप लागतात. पाइपाची लांबी सहा मीटर असते, तो खांद्यावर आडवा धरून नेतात आणि वळताना उभा करतात. पुलावर असा पाइप उभा करताना कठड्याबाहेर तारेकडे झुकला तर काय होईल, हे कोणाच्या मनात आले नव्हते. पाणी घेऊन आलेला पाइप आतून ओला असतो आणि उच्च दाबाच्या तारेला प्रत्यक्ष स्पर्श व्हावा लागतो असेही नाही. हे सांगितल्यावर तारेच्या वर येणाऱ्या भागात जाळीऐवजी खालून बंद पत्रा आणि वर उंच जाळी, असा बदल आराखड्यात झाला, आणि जिन्याचा वळणाचा टप्पा पाइप आडवाच फिरेल इतका रुंद केला गेला.

पैशाची बाजू थोडक्यात सांगते. अंदाजपत्रकात साहित्य आणि मजुरी यांच्यावर रेल्वेचे देखरेख शुल्क असते आणि पुढील कित्येक वर्षांच्या देखभालीची रक्कमही आधीच भरून घेतात, त्यामुळे अंतिम आकडा पाहून ग्रामसभेत शांतता पसरली होती. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीतून हे होणे शक्यच नव्हते. खासदारांच्या स्थानिक विकास निधीत वर्षाला पाच कोटी रुपये असतात, आणि खासदार केवळ शिफारस करतात, मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून होते, हे आम्हाला तेव्हा कळले. काही भाग त्यातून आणि उरलेला जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून आला. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच विचारला गेला: जागा वादमुक्त आहे का? मोजणीचा नकाशा आणि काकाजींचे संमतिपत्र तेथे कामी आले.

कामाचे वेळापत्रक काळ्या मातीने ठरविले. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, म्हणून पाया तिच्या खाली कठीण मुरमापर्यंत न्यावा लागला. खोदण्याआधी केबल शोधण्यासाठी हाताने चाचणी खड्डे घेतले. एक केबल तुटली तरी सिग्नल बंद पडून दोन्ही बाजूंना गाड्या खोळंबतात. पावसाळ्यात या मातीवर क्रेन तर सोडाच, रिकामा ट्रॅक्टरही उभा राहत नाही. त्यामुळे जे काम जूनच्या आत झाले नाही ते दिवाळीनंतरच झाले. गर्डर कारखान्यात तयार होऊन तुकड्यांनी आले आणि रुळांच्या बाजूला बोल्टने जोडले गेले.

गर्डर चढविण्याआधी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी लागते. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या अखत्यारीत नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात, हे ऐकून मला प्रथम नवल वाटले. पण जो रेल्वे चालवितो त्यानेच सुरक्षिततेचा दाखला देऊ नये, हे त्यामागचे कारण पटण्यासारखे आहे. त्या दिवशी दुहेरी ब्लॉक होता: गाड्या बंद ठेवण्याचा ट्रॅफिक ब्लॉक आणि तारेतला प्रवाह बंद करण्याचा पॉवर ब्लॉक. प्रवाह बंद केल्यावरही तारेला लगेच कोणी हात लावीत नाही. दोन्ही बाजूंना सळ्या अडकवून ती जमिनीशी जोडतात आणि लेखी परवाना हाती आल्यावरच माणूस वर चढतो. एरवी या तारेपासून दोन मीटरच्या आत जायची मनाई असते. सहाशे मीटरवर लाल कापडाची आडवी पट्टी आणि बाराशे मीटरवर रुळाला बांधायचे इशाऱ्याचे पटाखे घेऊन ट्रॅकमन आधीच दोन्ही दिशांना गेले होते. आम्ही गावकरी दोरीच्या मागे उभे होतो. मुख्य गर्डर उचलून बसवायला लागलेला वेळ तयारीच्या मानाने अगदी थोडा होता. ब्लॉक संपल्यावर पहिली गाडी काशन, म्हणजे हळू जाण्याची सूचना, घेऊन, माणूस पळत तिच्याबरोबर जाईल इतक्या हळू गेली.

पूल सुरू झाला आणि पहिल्या काही आठवड्यांत त्यावरून शाळेची मुले सोडली तर फारसे कोणी गेले नाही. मुलेही गेली ती शाळेतल्या बाई जिन्याच्या पायथ्याशी उभ्या राहत म्हणून. बायामाणसे खालूनच जात. रेल्वेने दोन्ही बाजूंना लोखंडी कुंपण घातले, तर एका रात्रीत त्यात माणूस जाईल एवढी फट झाली. रेल्वे सुरक्षा दलाने दोन-चार जणांना पकडून दंड केला, त्याने गावात राग वाढला, पुलाचा वापर वाढला नाही. एवढा खर्च करूनही यांना अक्कल नाही, असे बोलणारी माणसे गावातच होती. मला ते पटत नव्हते. मी वेचणीच्या बायांबरोबर गाठोडे घेऊन एक फेरी मारली, तेव्हा कारण पायाखालीच सापडले. पश्चिमेच्या जिन्याची शेवटची पायरी सिमेंटच्या एका छोट्या ओट्यावर उतरत होती आणि त्याच्यापुढे अवकाळी पावसाने झालेला चिखल होता, पोटरीपर्यंत. खालून गेले तर रेल्वेच्या खडीवरून कोरडे जाता येई. वरून गेले तर पन्नास पायऱ्या आणि शिवाय चिखलातून वाट. पूर्वेच्या टोकाला चिखल नव्हता, पण दिवा नव्हता. अंधार पडल्यावर बंद पत्र्यामुळे पूल दोन्ही बाजूंनी झाकला जाई आणि एकट्या बाईला तेथून जाणे नको वाटे. खाली रुळांवर निदान चारही बाजूंचे दिसते, असे एकीने मला सरळ सांगितले.

ही दोन्ही टोके रेल्वेच्या हद्दीबाहेर होती, म्हणजे अंदाजपत्रकाबाहेर होती, म्हणजे कोणाचीच नव्हती. ग्रामपंचायतीने पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून पांदणीवर मुरूम टाकून दबाई केली, काकाजींना कबूल केलेली नाली त्याच वेळी काढली, आणि दोन्ही टोकांना व पुलाच्या मध्यभागी सौर दिवे बसविले. पुलावरच्या दिव्यासाठी रेल्वेची वेगळी परवानगी लागली. खांब न रोवता कठड्याला बाहेर न येणारी पट्टी लावून तो बसविला. यानंतरच्या वेचणीत बायका वरून जाऊ लागल्या. कोणाला समजवावे लागले नाही. फट बुजविली ती गावातल्याच वेल्डरने.

अजूनही सगळे जण वरून जातात असे नाही. ढोरे पुलावर चढत नाहीत, त्यामुळे ढोरकी बोगद्यानेच जातो आणि बोगद्यात पाणी असले की त्याच्यासाठी आजही दुसरा मार्ग नाही. बोगद्यातले पाणी उपसण्यासाठी पंप बसला आहे. तो चालू करायचा कोणी, हे ठरलेले नाही. रॅम्पचा प्रश्न आम्ही सोडलेला नाही. पूर्वेच्या बाजूला गावठाणाची पडीक जागा आहे, तिथे एका बाजूचा तरी रॅम्प वळवून बसतो असे तालुक्याच्या एका निवृत्त अभियंत्यांनी कच्च्या नकाशावर काढून दाखविले आहे. पश्चिमेकडे आणखी जागा लागेल आणि ती काकाजींच्या शेजारच्या शेतातून जाईल. त्या शेताची मोजणी तूर निघाल्यावर आहे.